शांतीचा रंग

दयानंदरावांनी होकार दिला, की व्यंकटरावांच्या पदरात नुसतं एक लग्न पडणार नव्हतं. अख्खा औसा पडणार होता. दयानंदराव जिथं लेकीचं लग्न लावणार, तिथंच त्यांची भावकी लावणार, अन् भावकीचं बघून व्याही. म्हणून औसा रोडवरच्या आपल्या कोऱ्या ‘शांती मंगल कार्यालया’च्या दारात व्यंकटराव सकाळपासून उभेच होते. बसले तर इस्त्री मोडली असती.

हॉलचा रंग ही पोराची, हरिओमची करामत. आजूबाजूचे सगळे हॉल गुलाबी. हरिओम पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलेला. “अण्णा, नाव शांती, तर रंगही शांतीचाच पाहिजे. अन् तो आपण नाही, पब्लिकनं ठरवायचा.” नांदेड-लातूरच्या लोकांनी ‘शांती’ हा शब्द लिहून नेटवर टाकलेले हजारो फोटो त्यानं कॉम्प्युटरला चारले. कॉम्प्युटरनं त्यातले सगळ्यात जास्त भरलेले दोन रंग काढून दिले: भिंतींना राखाडी, वरून झेंडूचा पिवळा पट्टा.

रंगारी निजामोद्दीन ब्रश थांबवून म्हणाला होता, “मालक, ह्ये दोन रंग जोडीनं लई ठिकाणी बघितलेत. कुठं, ते ध्यानात येईना.”

“म्हणजे बरोबर निघालेत,” हरिओम म्हणाला. “लोकांच्या मनातलेच हायेत.”

गाडी आली. दयानंदरावांनी दारातच चपला काढल्या. काढा असं कुणी म्हणालं नव्हतं. आवाज खाली आणून त्यांनी स्टेज बघितलं, पंखे बघितले, अन् दोनदा “असो” म्हणाले. त्यांच्या आई चतुराबाई चार पावलं आत येऊन थबकल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, भिंतीला टेकून बसल्या अन् डोळे पुसू लागल्या.

“लई चांगला मानूस व्हता.”

“कोण, मावशी?” व्यंकटराव गडबडले.

“ते तुमालाच ठावं, बाबा. मला तर आत्ताच कळलं.”

दयानंदराव “घरी विचारून कळवतो” म्हणाले. घर सगळं गाडीतच बसलेलं होतं.

गाडी गेल्यावर व्यंकटरावांनी पोराला ते फोटो उघडायला लावले. हरिओमनं स्वतः एकही बघितला नव्हता. कॉम्प्युटर बघतोय म्हटल्यावर माणसानं कशाला बघायचं? पहिला उघडला. राखाडी बॅनर, मधे कुणाचे तरी काका, भोवती झेंडूचा हार, खाली ‘मृतात्म्यास शांती लाभो’. दुसऱ्यात काकू. तिसऱ्यात कुणी माजी सरपंच. आपल्या मुलखात जित्या माणसाला शांती लाभो असं कुणी लिहीतच नाही, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

“निजामभाई,” व्यंकटरावांनी फोन लावला, “उद्या या. गुलाबी मारा.”

तो ठेवतात तोवर दयानंदरावांचा आला. “व्यंकटराव, लग्नाचं न्हाई जमायचं तिथं. पर माय ऐकंना झालीय. तिच्याशीच बोला.”

“लेकरा,” चतुराबाई म्हणाल्या, “त्या रंगाला हात लावू नको. लई गार वाटलं बग तिथं. नातीचं लगीन कुठंबी होऊ दे. माझा तेरावा तिथंच धर.”

व्यंकटरावांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं. “मावशी... तारीख काय लिहू?”

“तारीख त्येच्या हातात. तू पावती फाड.”

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं एकट्याच आल्या, अन् कमरेच्या पिशवीतून विसार काढून टेबलावर ठेवला. नव्या हॉलची पहिली पावती त्यांच्या नावानं फाटली. सगळं गाव जेवणार होतं. जिनं पैसे भरले, तिचंच तेवढं ताट त्या पंगतीत नसणार होतं.