सातव्या महिन्याची ओटी

हेरंबला सातवा महिना लागला, म्हणून दापोलीहून शालनआत्या डोहाळजेवणाला आल्या. समुद्रघोड्याचा नर मादीची अंडी आपल्या पोटावरच्या पिशवीत वाढवतो. तशीच पिशवी डॉक्टरांनी हेरंबच्या पोटावर रुजवली होती, कारण त्याच्या बायकोच्या, वृंदाच्या पोटात तीन गर्भ टिकले नव्हते. हा चौथाही तिचाच होता.

बायकांनी हेरंबला पाटावर बसवून फुलांची वाडी घातली. वृंदा स्वयंपाकघरात वाट्या विसळत राहिली.

नारळ आणि तांदूळ हातात घेऊन आत्या थबकल्या. "ओटी पदरात घालायची असते रे. तुझ्या सदऱ्यात कशी भरू?"

"उपरणं धर पुढे," कोणीतरी सुचवलं.

"नको," हेरंब म्हणाला. "वृंदा, इकडे ये. माझ्याशेजारी बस."

ती ओल्या हातांनीच आली. आत्यांनी नारळ तिच्या पदरात घातला. सातव्या महिन्याची ओटी तिला पहिल्यांदाच मिळत होती. एका हाताने पदर सावरत तिने दुसरा त्याच्या पोटावर ठेवला.

"आत्ता गप्प आहे," ती म्हणाली.

"मघाशी सारखं हलत होतं. तुझ्या वाट्यांचा आवाज थांबला, तसं तेही थांबलं."