आजींचा चष्मा

कपडे शिवणाऱ्या आजी दुकानात बेशुद्ध पडल्या म्हणून मुलगी त्यांना तातडीच्या विभागात घेऊन आली. कार्डिओग्राम चांगला होता, रक्तदाबही. "सकाळपासून पोटात काही नव्हतं, चक्कर आली. हिने उगाच गाव गोळा केलं." "आई, तू गप्प बस." पडताना फुटलेल्या नाकावर पट्टी लावून मी त्यांना सोडलं. चादर बदलताना सिस्टरला उशीखाली आजींचा चष्मा सापडला. दोन्ही काचा फुटलेल्या होत्या. मला त्यांचे तळहात आठवले. त्यांवर ओरखडाही नव्हता. चक्कर आलेला माणूस हात टेकतो. हृदयच एकाएकी थांबलं, तर तेवढाही वेळ मिळत नाही. त्यांना मॉनिटरवर ठेवायला हवं होतं. मी फाटकापर्यंत धावले. टॅक्सी निघून गेली होती. मुलीला फोन लावला. "आईंना लगेच परत आणा!" "हळू बोला, डॉक्टर," ती कुजबुजली. "आत्ताच कुठे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीय."