मानेची आठ पिसं

ओमला मिळणार होतं ते एवढंच: रविवारची सुट्टी, दिवेआगरचं कोमट पाणी आणि गळाला एखादा मोठा मासा. माशाला भुलवायला गळाला लावायची पिसांची नकली माशी मोबाइलवर बघून घरीच बांधायची होती. तिला तांबड्या कोंबड्याच्या मानेची आठ पिसं लागतात, म्हणून त्यानं शेजारच्या महिपतकाकाच्या कोंबड्याची उपटली.

तो कोंबडा काकाच्या लेकीच्या बाळंतपणासाठी नवसाला ठेवलेला. "बोडक्या मानेचा कोंबडा देवीला दावू काय रे? माझ्या पोरीला काय झालं म्हंजे?" म्हणत काकानं दांडकं उचललं. पहिल्या फटक्यात ओमचे दोन दात अंगणात पडले. ओमची बायको सारिका मध्ये पडली, तर दुसऱ्या फटक्यात तिचं मनगट मोडलं. ओमनं वरवंटा भिरकावला, त्यानं काकाचा गुडघा फुटला.

पोलादपूरच्या दवाखान्यात तिघं ओळीनं बसले. ओमच्या ओठाला टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "एवढा कसला मासा खायचा होता रे?"



"खायचा नाय वो, डॉक्टर. धरायचा, फोटो काढायचा नि परत सोडायचा. मुक्या जिवाला उगाच कशाला इजा करायची?"