खांदा उचललेली गिटार

"हे काय केलंस? उंट?" म्हाताऱ्याने विचारलं.

लेक गिटारीवरचा भुसा पुसत राहिली. उत्तर देऊन उपयोगही नव्हता. म्हाताऱ्याचे कान गेल्यापासून त्याच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा थबकेल इतकं ओरडावं लागे. त्यातलंही त्याला निम्मंच कळायचं, आणि जे कळायचं ते भलतंच.

गिटार होतीही वेडीविद्रीच. खालची बाजू चारचौघींसारखी गोल. वरची मात्र चढत चढत थेट वाजवणाऱ्याच्या गालाला भिडेल अशी. 'मला काय ठाऊक' म्हणताना माणूस एक खांदा उचलतो ना, तशी.

बापलेकीच्या या कारखान्याचा एक नेम होता. गिटार पुरी झाली की म्हातारा तिच्या पोटावर बोटाने ठोके, कान देई आणि "हं" म्हणे. मगच तारा चढत. "हं" आला नाही तर गिटार पुन्हा उघडायची. कान गेले तसं त्याने "हं" म्हणणं सोडलं. खोटं म्हणणार नाही, म्हणाला. लेकीने मात्र गिटारी करणं सोडलं नाही. पुऱ्या झालेल्या, बिनतारांच्या गिटारी छताला टांगून ठेवल्या होत्या. दुपारचं वारं आत आलं की त्या सगळ्या मिळून सावकाश वळत, झोपेत कूस बदलल्यासारख्या.

काल म्हाताऱ्याने नवं कुलूप आणलं होतं. ते रंध्याशेजारी पडलं होतं. आज संध्याकाळी ते कारखान्याच्या दाराला कायमचं लागायचं होतं.

"बहिऱ्याने गिटारी करायच्या, आणि गिऱ्हाइकाने काय, बघत बसायचं?" म्हणाला होता.

म्हाताऱ्याला एक जुनी खोड होती. दोन्ही हात अडकले की लाकडाच्या पट्टीचं टोक तो दातात धरायचा. असंच एकदा धरलेलं असताना लेकीने दुसऱ्या टोकावर हातोडी मारली. "हळू," तो मान वर न करता म्हणाला, आणि कामाला लागला. तो ठोका आपल्याला ऐकू आला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हा उंट करायला घेतला.

"बाबा, बसा!" ती ओरडली.

"बसतो. शेवटचं बसतो."

तिने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या गालावर बोट आपटून दाखवलं.

"गाल टेकू? म्हातारपणी काय काय करायला लावशील, पोरी," असं पुटपुटत त्याने त्या उंच खांद्यावर गाल टेकला. जबड्याचं हाड लाकडाला नीट बसलं. खिडकीतून ऊन येत होतं, आणि उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता, खाली बसायची काही घाई नसल्यासारखा. लेकीने गिटारीच्या पोटावर ठोकलं.

म्हाताऱ्याचे डोळे मिटले.

तिने पुन्हा ठोकलं, थोडं खाली. मग कडेला. तो हलेना. इतका वेळ हलला नाही की तिला वाटलं, याला डुलकी लागली, आणि आपण वेडे.

"आतली मधली पट्टी जाड ठेवलीस," तो म्हणाला. "घाई. लहानपणापासून नुसती घाई. उद्या उघड ही, आणि पट्टी तास."

कुणी बोल लावल्यावर इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. उद्या, म्हणाला होता. तिला खूप काही बोलायचं होतं. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि गिटारीच्या गोल भोकाला तोंड लावून कसंबसं पुटपुटली, "बाबा."

छताच्या गिटारी सावकाश वळल्या.

"ओरडतेस कशाला?" म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "ऐकू येतंय मला."