वीस डॉलरच्या आतली गोधडी

उणे ऐंशी अंश.

चोकचेरीचा वोझापी, रानफळांचा दाट रस, तळलेल्या ब्रेडवर ओतायचा, अजून कोमट.

सरकारी माणसाने वीस डॉलरपेक्षा महाग भेट घेऊ नये.

आठ टोकांचा तारा. मधे लाल, मग पिवळा, मग पांढरा, टोकांना निळा.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मार्लिस गुडशील्डच्या डोक्यात हे सगळं सकाळपासून एकमेकांवर आदळत होतं. वॉशिंग्टनहून निधी देणाऱ्या खात्याच्या हॅलोरनबाई आल्या होत्या आणि आत्ता हॉलमध्ये कॉफी पीत होत्या. कॉफीनंतर त्या प्रयोगशाळा बघणार. त्यांच्या अहवालावर पुढच्या पाच वर्षांचे पैसे ठरणार. पैसे आले तर लाकोटा जमातीच्या माणसांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास या लहानशा आदिवासी कॉलेजातच, इथल्याच पोरांच्या हातून चालू राहील. नाही आले तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि फ्रीझरमधलं सगळ्यांचं रक्त लांब राज्य विद्यापीठात. त्यात मार्लिसच्या आईचंही रक्त होतं. मार्लिसनेच ते काढलं होतं. आई मे महिन्यात गेली.

आणि डेल्फीन मावशी ताऱ्याची गोधडी घेऊन आली होती.

मोठ्या पाहुण्याच्या खांद्यांवर अशी गोधडी घालायची, ही रीत. ती नाकारणं म्हणजे चारचौघांत तोंडावर दार आपटणं. हॅलोरनबाईंना नाकारावीच लागणार. मग हॉलमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या हे घरोघरी सांगणार, आणि पुढच्या खेपेला रक्त द्यायला बाही कोण वर करणार? मार्लिस मावशीला गाठायला निघाली, अर्ध्यातून परत आली, खुर्च्या नीट केल्या, पुन्हा निघाली.

मावशी दाराजवळ गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. मार्लिसने तिला नियम सांगितला. मावशीने शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, वीस डॉलरमध्ये केवढी गोधडी बसते? एका पायाला पुरेल?

व्हर्ननकाका, म्हणजे कॉलेजचे अध्यक्ष आणि मावशीचे दीर, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, वहिनीची शिलाई बघता अख्खी बसेल. मावशी म्हणाली, तुझ्या लग्नात दिलेली अजून फाटलेली नाही, बायको तेवढी पळाली. दोघं पोट धरून हसले.

मार्लिस हसली नाही. आजच्या दिवस गाडीत ठेवून ये, असं तिने विनवलं. मावशी एवढंच म्हणाली, की परत न्यायला आणलेली नाही.

कॉफी संपली. सगळे प्रयोगशाळेत आले. मार्लिस भरभर बोलत होती, यंत्रं दाखवत होती, वाक्यं अर्धी सोडत होती, आणि तिचं लक्ष दाराकडे होतं. मावशी आत आली तशी हॅलोरनबाईंनाही ती दिसली. त्यांनी तळहात अर्धवट वर आणला. चेहऱ्यावर माफी तयार होती. नाही कसं म्हणायचं, याचा विचार त्यांनीही केलेला असावा.

मावशी त्यांच्या समोरून गेली. थांबलीसुद्धा नाही.

उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीझर कपाटाएवढा होता आणि सतत घरघरायचा. मावशीने दिराला मानेने बोलावलं. दोघांनी गोधडी झटकली आणि त्याच्यावर टाकली. तारा बरोबर दारावर आला.

"मावशी, मशीन तापेल," मार्लिस म्हणाली.

"डायलिसिसच्या खुर्चीत कुडकुडायची तुझी आई. गोधडीशिवाय एकदाही बसली नाही." मावशी कापडाची सुरकुती सारखी करत होती. "आणि तू तिला इथे ठेवलीस."

फ्रीझर घरघरत राहिला. व्हर्ननकाका हॅलोरनबाईंना हळूच म्हणाले, बाई, तुमचा वीस डॉलरचा नियम वाचला. हसावं की नाही हे न कळून त्या जराशा हसल्या.

मार्लिस पुढे झाली. तिला ती गोधडी ओढून काढायची होती. हात कापडाला लागला आणि तिथेच राहिला. मग तिने मागची कड वर दुमडली, हवेची जाळी मोकळी केली, आणि खिशातल्या, नमुन्यांच्या बाटल्यांना लावायच्या चिकटपट्टीने ती कड पक्की केली. पट्टीवरून अंगठा दोनदा फिरवला.

हॅलोरनबाईंनी घसा साफ केला. प्रत्येक ठिकाणी त्यांना एक प्रश्न विचारावाच लागे. निधी थांबला तर हे नमुने कुठे जाणार?

याचं उत्तर मार्लिसला पाठ होतं. राज्य विद्यापीठाने जागा देऊ केली आहे. तसं पत्र अर्जाला जोडलं होतं, व्हर्ननकाकांच्या सहीचं. काका जमिनीकडे बघत उभे राहिले.

"कुठेही नाही," मार्लिस म्हणाली.

"मग खर्च?"

"विजेचं बिल आम्ही भरू. बिंगोचा खेळ लावू, ब्रेड तळून विकू. शिकवायला आणि शिकायला तुमचे पैसे हवेत. यांना ठेवायला नकोत."

हॅलोरनबाईंनी पेन उघडलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. मावशी म्हणाली, आता सगळ्यांनी जेवायला चला, वोझापी गार झाला असेल.

गोधडीचं कापड मावशीने मे महिन्यात घेतलं, बहिणीला पुरून परत येताना. वॉशिंग्टनहून कुणी येणार, हे कळलं ऑगस्टमध्ये.