शिखरावरचे शिंपले

सुनेचा नवरा बोटीसकट बुडाला त्याला बरीच वर्षं झाली होती. प्रेत हाती लागलं नाही, म्हणून सासूच्या लेखी तो जिवंतच होता. आज भूगोलाचे मास्तर सुनेला रीतसर मागणी घालायला आले. सून दाराआड जीव मुठीत धरून उभी होती.

"भूगोलात असतं तरी काय हो?" सासूने विचारलं.

मास्तरांची कळी खुलली. "अहो आई, भूपट्ट एकमेकांना रेटत राहतात आणि समुद्राचा तळ उचलला जाऊन त्याचे डोंगर होतात. शिखरावर शिंपले सापडतात!"

"म्हणजे बुडालेलं वर येतं?"

"येतं की! फक्त काही कोटी वर्षं लागतात."

सासू दाराकडे वळली.

"ऐकलंस ना गं? तुझे मास्तरच म्हणताहेत, येईल तो वर. थांब तेवढी."