लॉर्डाची चौथी लेक

“ही पळून गेली?” नर्मदाबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं. “लॉर्डाची लेक, आणि मोतद्दाराबरोबर?”

“हो आई. घोड्यांना खरारा करायचा तो. ही चौथी लेक, ऑगस्टा,” सून हेमांगी टाइप करता करता म्हणाली.

“शोभलं! एवढा वाडा, एवढे नोकर, आणि एक पोर सांभाळता आली नाही.”

हेमांगी घरी बसून विलायतेतल्या उमरावांच्या वंशावळी कॉम्प्युटरवर चढवायची. अंधेरीच्या एका कंपनीकडून जुन्या पुस्तकांची पानं सीडीवर यायची. कोण कुणाचा, कधी जन्मला, कुणाशी लग्न, मुलं किती, सगळं चौकोनांत भरायचं. नर्मदाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. इंग्रजी काळं की गोरं त्यांना ठाऊक नव्हतं. पण कुणाच्या घरात काय शिजलं हे ऐकायला अक्षर कशाला लागतं? रोज दुपारी झोपाळ्यावर बसून त्या लॉर्डांची उणीदुणी काढत. बोळिंजची आळी त्यांना पुरेनाशी झाली होती.

आज मात्र त्या नुसती वेळ ढकलत होत्या. चार वाजता वकील येणार होता. राऊतांची केळीची वाडी बिल्डरला द्यायची ठरली होती. त्यासाठी त्यांच्या मालकांच्या, म्हणजे कैलासवासी विठ्ठल राऊतांच्या, वारसांची वंशावळ शपथेवर लिहून द्यायची होती. सही नर्मदाबाईंची.

“मग बापाने काय केलं?”

“दार बंद. मरेपर्यंत तोंड पाहिलं नाही. मृत्युपत्रात नावसुद्धा नाही.”

“तरी पुस्तकात कशी?”

“पुस्तकवाल्याने बापाला विचारलंच नाही, आई. जन्मली म्हणजे आली. तिचा नवरा आला, चार पोरं आली. एक तर तीन दिवसांचं होऊन गेलं. तेही आलंय.”

नर्मदाबाईंनी बोट काढून घेतलं. “मेली साहेबाची रीत! घरची अब्रू छापून विकतात.”

हेमांगीने पान बदललं नाही, एवढंच.

राऊतांची रीत निराळी होती. नऊ वर्षांपूर्वी स्वप्ना, त्यांची एकुलती लेक, नंदाखालच्या फर्डिनंड तुस्कानोबरोबर गेली. त्याच सकाळी नर्मदाबाईंनी विहिरीवर, सगळ्या आळीसमोर, जिवंत लेकीच्या नावाने आंघोळ केली. डोक्यावरून घागर ओतली आणि म्हणाल्या, “मला एक मुलगा. बस.” नंदाखाल चालत वीस मिनिटांवर. पण या घरात त्या गावाचं नाव काढायची सोय नव्हती, मग लेकीचं कुठलं? नर्मदाबाई थुंकलेलं गिळतील असं तालुक्यात कुणी म्हणालं नसतं.

चारला वकील आला. तरुण होता, चंदनसारला नुकताच राहायला आलेला. साक्षीला शेजारचा बळीराम येऊन बसला. त्या दिवशी विहिरीचं पाणी त्यानेच शेंदून दिलं होतं. मुलाने, विपुलने, दार लावलं. मग खिडक्याही लावल्या. श्रावणातला उकाडा घरात कोंडून राहिला.

वकील वाचू लागला. “वारस एक, पत्नी नर्मदा. दोन, मुलगा विपुल. कन्या स्वप्ना, मयत. अविवाहित. अपत्य नाही.”

विपुलने आईच्या बोटांत पेन दिलं आणि कानाशी वाकला. “आई, तिचं नाव आलं की तिची सही आली. तिच्या दारात कोण जाणार? तू?”

“सही करून टाका, वहिनी,” बळीराम म्हणाला. “सगळं गाव होतं की तेव्हा विहिरीवर.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही केली तर पोर कागदावर मेली. नाही केली तर बळीराम दाराबाहेर पडायच्या आत आळीभर होणार, की नर्मदाबाईंनी आपलाच शब्द गिळला. नऊ वर्षं त्या शब्दाच्या जोरावर मान ताठ ठेवली होती. आता तीच मान वळेना.

पेन कागदावर टेकलं.

“एक मिनिट, आजी,” वकील म्हणाला. त्याला विहिरीचं काही ठाऊक नव्हतं. “मृत्यूचा दाखला नाही म्हणता, म्हणून विचारतो. मुलगी कशानं वारली?”

विपुलने तोंड उघडलं. नर्मदाबाईंनी हात वर केला, तसं ते उघडंच राहिलं.

कशानं? हे नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तापाने म्हणावं, तर रात्र रात्र उशाशी बसलं कोण? साप चावला म्हणावं, तर खांदा कुणी दिला? आळीभर जीभ चालवणारी बाई, तिला लेकीचं एक मरण सुचेना.

“खोडा ते,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“आई!”

“तू गप. लिहा, वकीलसाहेब. स्वप्ना फर्डिनंड तुस्कानो. वय एकतीस. राहणार नंदाखाल, चर्चच्या मागं, निळ्या दाराचं घर. थोरली क्लेमेंटीन. सात वर्षांची, मार्गशीर्षातली. सासूचं नाव ठेवलंय. धाकटा प्लासिड. गौरी जेवल्या त्या दिवशी झाला. त्याला गारठा सोसत नाही, छाती भरते.”

बळीराम बघतच राहिला. आतल्या खोलीतली हेमांगीची टकटक थांबली होती.

“आजी, नातवंडांची नावं लागत नाहीत यात.”

“मी सांगते ते लिहा. आणि खाली थोडी जागा सोडा. तिसरं दिवाळीच्या सुमारास आहे.”